हौसावहिनीची न्हाणी

ती माळ सकाळी लावा. रात्री शिडीवर चढायचं नाही, हा या घरचा नियम आहे, आणि तुम्ही पुण्याहून आलात म्हणून तो बदलणार नाही. बसा इथं अंगणात, चिवडा घ्या. मोबाईल मात्र खिशात. मधेच कुणी उजेड पाडला तर मी उठून आत जाईन.

तीस वर्षं मी खांबावर चढून तारा जोडल्या. वायरमन माणूस भुताला भीत नाही, करंटला भितो. त्यामुळे मी उगाच काहीतरी ठोकून देतोय असं समजू नका. निम्मं मला निवृत्ती देवकरनं सांगितलं आणि निम्मं मी स्वतः बघितलं. निवृत्ती म्हणजे माझ्या वर्गातला. माणूस वाईट नव्हता. पण स्वतःला सोयीचं तेच खरं मानायची खोड होती त्याला, आणि त्याची बायको मालन त्याच्यावर ताण.

सन तेवीस, नोव्हेंबरची अकरा तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली आंघोळ. संध्याकाळी पाचला निवृत्ती फटफटी घेऊन माझ्या दारात.

"बजा, चल विट्याला. कंदील आणायचाय, माळा आणायच्यात. रोहिणीचा फोन आला. पाडव्याला येनार व्हते ते उद्या पहाटंच येत्यात. जावाय, आनि विहीनबाईबी."

रोहिणी त्याची एकुलती एक. मे महिन्यात लग्न झालेलं, म्हणजे हा पहिला दिवाळसण. जावई विक्रम, कोइमतूरला सोनं गाळायचं, गलाईचं दुकान, सोन्यातली माणसं. विहीणबाईंची जीभ लग्नातच कळली होती सगळ्यांना. पंगतीत उभं राहून म्हणाल्या होत्या, "भात जरा मोकळा असता तर खाताबी आला असता."

मी पायात चप्पल घातली, पण विचारलं, "निवृत्ती, हौसावहिनीचं वर्ष कुठं झालंय? कंदील लावतोस?"

"चूल येगळी, सन येगळा," तो म्हणाला. "वाटण्या होऊन वीस वर्सं झाली. सुतक धरलं तेरा दिस, बास झालं."

हौसावहिनी त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, मूलबाळ नाही. एकाच लांबलचक घराला मधे भिंत घालून दोन घरं केलेली. निवृत्तीकडं दोन खोल्या आणि आंघोळीला पत्र्याचा आडोसा. वहिनीकडं चांगला सोपा, आणि मागं फरशीची न्हाणी, तांब्याचा बंब. राग आला की ती भिंत बडवायची. इकडून मालन शिव्या घालायची. गाव हसायचं. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

तिला दुसरं काही नको होतं. दिवाळीला रोहिणीला तेल लावू द्या, एवढंच दरवर्षी मागायची. मालन दारातूनच हुसकायची, "आधी नवरा खाल्ला, आता माझ्या पोरीला हात लावती व्हय!" रोहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा निवृत्तीनं सगळं घर आपलंच म्हणून दाखवलं. सोपा, न्हाणी, बंब, सगळं. आणि वहिनीला दिवसभर गोठ्यात बसवलं. ती बसली. पोरीचं भलं होतंय म्हणून बसली. बदल्यात एकच कबूल करून घेतलं, लग्नात हळदीआधी तेल मी लावणार. लग्नाच्या दिवशी मालननं तिला मांडवातच येऊ दिलं नाही.

श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, वहिनी न्हाणीत मेलेली सापडली. घसरली, डोकं आपटलं, जागच्या जागी गेली, असं निवृत्तीनं सांगितलं. आम्ही मान डोलावली. पाहुण्यांना 'लांबची नातेवाईक होती' म्हणून कळवलं.

तर आता पेच असा, की जावई आला की त्याची आंघोळ त्याच न्हाणीत झाली पाहिजे. पत्र्याच्या आडोशाला बसवला तर घर दाखवताना खोटं बोललो हे उघडं पडणार. आणि त्याची फेड रोहिणीला करावी लागणार, जन्मभर, त्या विहिणीच्या हाताखाली. निवृत्तीला दुसरं काही दिसत नव्हतं. बापाचं काळीज, त्याला मी दोष देत नाही. पण सणाला चूल वेगळी आणि न्हाणीला घर एक, हे कसं चालायचं?

विट्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. कंदीलवाला म्हणाला, "चांदनीचा देऊ का पंचकोनी?"

"मोठ्ठा दे," निवृत्ती म्हणाला. "पाव्हन्याला फाट्यावरनं दिसला पायजे."

"मग मामा, चंद्रच घेऊन जावा की!"

आम्ही हसलो. पणत्या, झेंडू, उटणं, दोन माळा घेऊन आठ वाजता परत आलो. वहिनीच्या दाराची किल्ली सापडेना, म्हणून निवृत्तीनं पहारीनं कुलूप तोडलं.

मालन कामाला वाघीण. तासाभरात सोपा झाडून पुसून काढला. दोन्ही दारांना तोरणं बांधली. दोन्ही उंबऱ्यांपुढं एकच सलग रांगोळी काढली, बघणाऱ्याला एकच घर वाटावं म्हणून. वहिनीची लुगडी, भांडी, खुंटीवरचा फोटो, सगळं एका गोणीत भरून गोठ्यात टाकलं.

"फोटो तरी राहू दे," मी म्हणालो.

"भावजी, तुमी दिवं लावा. घर आमी लावतो," मालन म्हणाली.

कंदील मी वहिनीच्या वळचणीला टांगला. पेटेना. टेस्टर लावला, करंट होता. बल्ब काढून निवृत्तीच्या बाजूला लावला, झगझगीत पेटला. परत इकडं आणला, विझला. दुसरा बल्ब घातला. तिसरा घातला. नवी वायर ओढली. तीस वर्षांत असा फॉल्ट मी बघितला नव्हता. साडेअकराला मी शिडी उतरलो.

"एवढं शिकून एक बल्ब लागंना व्हय तुमच्यानं?" मालन पाठीमागून म्हणाली. मी पक्कड खिशात घातली. घरी आलो.

आता पुढचं निवृत्तीनं सांगितलेलं.

मालन आपल्या खोलीत झोपली. निवृत्ती वहिनीच्या सोप्यात, पणत्या राखत बसला. न्हाणीची मागची भिंत म्हणजे त्याच्याच स्वयंपाकघराची भिंत. दोन वाजून वीस मिनिटांनी त्या भिंतीवर आवाज झाला.

धप.

तो उठून बसला. परत... धप. धप.

त्याला वाटलं मालन बडवते. काहीतरी हवं असेल. अंगण ओलांडून गेला. मालन अंथरुणात ताठ बसलेली.

"का बडवताय?" ती म्हणाली.

"मी? तूच बडवत व्हतीस की."

मधली भिंत वीतभर जाडीची. इकडं हे दोघं. तिकडं कुणी नाही.

धप.

तीन वाजता मला फोन आला. "बजा, ये." एवढंच बोलला. मी गेलो. विचारलं तर काही सांगेना, नुसता बंब पेटव म्हणाला. मी मागच्या पडवीत बंबाशी बसलो. न्हाणीत पाट मीच मांडला. पूर्वेला तोंड करून. हे ध्यानात ठेवा, मी मांडला.

सव्वाचारला गाडी आली. विहीणबाई उतरल्या, वर बघितलं. "कंदील हाय, पर उजेड न्हाय? काय इवाई, काटकसर चाललीया काय?"

"बल्ब गेला जी आत्ताच," निवृत्ती हात जोडून म्हणाला.

रोहिणीनं मात्र त्या उघड्या दाराकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "अण्णा, मोठी आईचं घर उघडलं?" ती हळूच म्हणाली. मालननं तिला दंडाला धरून आत नेलं.

विक्रम बरा पोरगा होता. पंचा लावून न्हाणीत जाऊन पाटावर बसला. दार अर्धवट लोटलेलं, आत वाफ. रोहिणी माझ्याशेजारी उभी राहून वाटीत तेल कोमट करत होती. हातभर हिरव्या बांगड्या. वाजत होत्या.

आतून विक्रमचा आवाज आला. "बास गं. कातडं सोलतीस काय?"

रोहिणीचा हात थांबला. बांगड्याही थांबल्या.

"हळू की!" तो परत म्हणाला. "आनि बांगड्या कुठं काढून ठेवल्यास? सनासुदीचा असला भुंडा हात..."

तेलाची वाटी रोहिणीच्या हातात होती. काठोकाठ भरलेली.

"अहो," ती म्हणाली. "अहो... मी हितं बाहीर हाय."

आत काही नाही.



मी बॅटरी लावून दार ढकललं. विक्रम पाटावर बसला होता, हलत नव्हता. तोंड दक्षिणेला. पाट फिरलेला, त्याच्यासकट. त्याच्या पाठीवर तेलाचा थेंब नव्हता. कोरड्या हातानं चोळलेली पाठ. खांद्यापासून कमरेपर्यंत पाच बोटांचे लाल ओरखडे, एकावर एक.

मी त्याला काखेत धरून बाहेर ओढला. रोहिणी किंचाळली तशा विहीणबाई धावत आल्या, मागून निवृत्ती, मालन.

"काय केलंसा माझ्या पोराला?" विहीणबाई ओरडल्या.

तेवढ्यात न्हाणीतून आवाज आला.

धप.

सगळ्यांनी ऐकला. मीसुद्धा. भिंतीवर, पण खालून. फरशीपासून वीतभर उंचीवरून. पडलेल्या माणसाचा हात पोचेल, तेवढ्या.

धप... धप...

निवृत्ती पुढं झाला. तो न्हाणीच्या दारात गुडघ्यावर आला, आणि काय ओरडला तो! "आलो! आलो गं वहिनी, आलो..."

"गप बसा!" मालन त्याच्या अंगावर धावली. "आता कशाला जाताय? त्या रातीला म्हनलं व्हतं मी, जाऊन बघा म्हनून! तुमीच म्हनलासा, रोजचीच कटकट हाय, झोप!"

बोलून गेली, आणि मग तोंडावर हात ठेवला.

भिंत थांबली होती.

रोहिणी बापाकडं बघत होती. रडत नव्हती. "अण्णा," ती म्हणाली, "तुमी तर मला सांगितलं, जागच्या जागी गेली म्हनून."

निवृत्तीनं उंबऱ्याला डोकं टेकलं.

"किती येळ बडवत व्हती?"

...

"अण्णा, किती येळ?"

"कोंबडा आरवस्तवर," निवृत्ती म्हणाला.

बंबातली लाकडं तेवढी फुटत होती. विहीणबाईंनी आपली शाल काढून विक्रमच्या पाठीवर टाकली. मला वाटलं, आता ही बाई पोरीला इथंच टाकून जाते. पण त्यांनी रोहिणीचा हात धरला.

"चल बाळ," म्हणाल्या. "आमच्यात मेलेल्या मानसाचं वरीस पाळत्यात."

फराळाचं ताट तसंच राहिलं. गाडी उजाडायच्या आत गेली. निवृत्ती फाट्यापर्यंत मागं पळत गेला. रोहिणीनं काच खाली केली नाही.

ती त्यानंतर माहेरी आलेली नाही. बापाचा फोनही घेत नाही. सासरी तिचं चांगलं चाललंय, पोरगा झालाय, असं विट्यातले लोक सांगतात. पोरीची पत राहावी म्हणून निवृत्तीनं सगळी धडपड केली, ती राहिलीही. पोरगी मात्र गेली. विक्रमच्या पाठीवरचे वळ आठ दिवसांत गेले म्हणे.

त्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मीपूजन. गावभर फटाके, आणि त्या एका घरावर अंधार. निवृत्ती मला बोलवायला आला नाही, मीच गेलो. तो एकटाच तोरण सोडत होता. मी शिडी लावली, कंदील काढला. त्यानं गोठ्यातली गोणी आणली, लुगडी झटकून परत खुंटीवर टाकली, भांडी फळीवर लावली. फोटो पुसला आणि होता तिथं टांगला. बराच वेळ त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं.

आम्ही दोघं बाहेर आलो. आत कुणीच नव्हतं, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. सोपा, खोली, न्हाणी, सगळीकडं मी बॅटरी मारून बघितली होती. मागच्या दाराला आम्ही मघाशीच बाहेरून खिळे ठोकले होते. खिडक्यांना गज. मी पुढचं दार ओढून घेतलं. निवृत्ती नवं कुलूप आणायला आपल्या घरात गेला. मी ओट्यावर शिडी आवरत होतो, दाराकडं पाठ करून. दोन मिनिटं, जास्त नाही.

निवृत्ती कुलूप घेऊन आला. मला आठवलं, माझी बॅटरी आत फळीवर राहिली. मी दार ढकललं.

उघडेना.

वाटलं लाकूड फुगलं असेल. खांदा लावला. दोघांनी लावला. मग मी फटीला डोळा लावला. आत बॅटरी चालूच होती, तिच्या उजेडात दिसलं.

आतून अडसर घातलेला होता. जुन्या दाराचा सागवानी अडसर. दोन्ही हातांनी उचलावा लागतो तो.

निवृत्तीनं बघितलं. कुलूप खिशात टाकलं आणि आपल्या घरात गेला. दार अजून तसंच आहे.