शिमग्याआधी गार झालेली भट्टी

"माझ्या दुकानाला दुसऱ्याचं कुलूप लागलंय, आणि सगळे म्हणतात, मी तिथे नव्हतेच!"

हुस्नबानो खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. गोळे कॉलनीतल्या त्या चिमुकल्या ऑफिसात ती खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती, आणि तिच्याकडे बघून देवव्रतमामांचाही जीव वरखाली होत होता.

देवव्रतमामा ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. कुठला स्क्रू ढिला आहे हे ते नुसत्या बोटानं सांगत. माणूस कुठे ढिला आहे हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही. निवृत्तीनंतर ते भाचीच्या, म्हणजे यशश्रीच्या, मदतीला येऊन बसत. यशश्रीनं वकिलीचा काळा कोट खुंटीला टांगून खासगी चौकशीचं काम सुरू केलं होतं, आणि मामांच्या मते तिचं डोकं वाजवीपेक्षा जास्त वेगानं चालत असे.

"पहिल्यापासून सांगा, भाभी," यशश्री म्हणाली.

दूधबाजाराच्या मागच्या गल्लीत हुस्नबानोची बेकरी होती. नवरा खलील गेल्यावर तिनंच ती चालवली. विटांची लाकडावरची भट्टी, हाताखाली धाकटा दीर मुस्तकीम. भाडं वेळच्या वेळी, पण मालकांनी पावती कधी दिली नाही आणि हिनं कधी मागितली नाही. गुरुवारी ती भाचीच्या लग्नाला मालेगावला गेली. सोमवारी परत आली तर शटरला नवं कुलूप आणि आत गुळाचं गोदाम.

"निघताना भट्टी कशी ठेवली होतीत?"

"राख पूर्ण काढली. राख ठेवून मी कधीच बाहेर पडत नाही, शोहर होते तेव्हापासूनची सवय. मग तोंडाला पत्रा लावला. एक किल्ली ही माझ्या कमरेला. दुसरी मुस्तकीमकडे."

"पोलीस?"

"बोले, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. मालकांचा पुतण्या विश्वेश म्हणतो, मी शिमग्याआधीच जागा सोडून गेले, म्हणून. आणि परवा दसऱ्याला भट्टी पाडणार आहे तो." आता कुठे ती मटकन खाली बसली. "ताई, ती भट्टी माझ्या सासऱ्यांनी बांधलीय. ती गेली तर मी काय करू? घरात लेक आहे माझी, अरफा. बारावीला."

यशश्रीनं कॅलेंडरकडे बघितलं. मंगळवार होता. गुरुवारी दसरा, कोर्ट बंद.

"म्हणजे मनाईहुकूम मागायला आपल्याकडे उद्याचा एकच दिवस आहे. आणि आजच्या आज पुरावा हवा," ती म्हणाली. "मामा, स्कूटर काढा."

नवरात्रात कालिकेच्या यात्रेची गर्दी, त्यातून मामांची स्कूटर म्हणजे एक परीक्षाच. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी अस्वस्थपणे विचारलं, "अगं, गल्लीतल्या कोणालाही विचारलं तर सांगतील की ही परवापरवापर्यंत पाव भाजत होती!"

"अख्खी गल्ली त्याच मालकांची भाडेकरू आहे, मामा. उद्या आपल्याही शटरला कुलूप लागेल या भीतीनं कोणी तोंड उघडणार नाही."

तसंच झालं. शेजारच्या विमलाबाईंनी यशश्रीला बघताच फुलांच्या माळा जोरजोरात ओवायला घेतल्या.

विश्वेश मात्र मोकळा होता. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. त्यानं स्वतःहून शटर वर केलं.

"बघा ना, लपवायचं काय आहे? शिमग्याआधीपासून भट्टी गार आहे. गूळही तेव्हापासून इथेच ठेवतो मी. हे तिचं जुनं कुलूप." त्यानं खिळ्यावर अडकवलेलं कुलूप दाखवलं. "ओरखडा तरी आहे का? स्वतः किल्ली आणून दिली तिनं."

"पण गेल्या आठवड्यापर्यंत त्या पाव विकत होत्या."

"पाव कुठूनही विकता येतो, मॅडम. घरी विजेचा ओव्हन आहे तिच्याकडे."

गुळाच्या ढेपा भट्टीच्या भिंतीला लावून छातीपर्यंत रचल्या होत्या. बेकरीचे ट्रे आणि लाकडी परात कोपऱ्यात ढीग करून टाकलेली. मामा वाट काढत ढेपांच्या आणि भट्टीच्या मधल्या फटीत शिरले आणि अडकले. बाहेर आले तेव्हा त्यांचा धुवट शर्ट पाठीला चिकटला होता.

"शी! पाक सुटलाय नुसता!" ते करवादले. "आणि इकडच्या बाजूच्या बघ, कडा कशा लख्ख! एकाच ढेपेची एक बाजू कोरडी ठणठणीत अन् एक ओघळलेली. कसला हा माल?"

"तरी मामा, तुम्ही बोट चाटलंतच," यशश्री म्हणाली. तिनं भट्टीच्या तोंडाचा पत्रा बाजूला केला. आत राखेचा ढीग होता आणि त्यात अर्धवट जळलेलं बाभळीचं लाकूड. ती वाकली आणि हलकेच फुंकर मारली. राख भुर्रकन उडाली ती नेमकी गूळ लागलेल्या मामांवर.

"जुनी राख. तशीच टाकून गेली बाई," विश्वेश म्हणाला.

मामांनी शिंकत शिंकत रुमाल शोधला. आपल्या भाचीला माणसांच्या शर्टाची जराही किंमत नाही, हे त्यांचं जुनं मत आणखी पक्कं झालं.

मुस्तकीम चौकातल्या चहाच्या टपरीवर भेटला. दंड भरलेले, डोळे तारवटलेले, हातात लोखंडी पहार.

"शुक्रवारी सकाळी भट्टीला ऊब द्यायला आलो, तर हे दुसरं कुलूप! तसाच मागे फिरलो. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. लग्नघरात कशाला कळवायचं म्हणून भाभींना फोन केला नाही."

"ऊब द्यायची म्हणजे?" मामांनी विचारलं.

"भट्टी पूरी थंडी पडू द्यायची नसते, चाचा. विटा तडकतात. भाभी गावाला गेल्या की रोज थोडं लाकूड मीच जाळतो." त्यानं पहार आपटली. "आता हे कुलूप तोडतो अन् भाभींना आत बसवतो."

"तोडू नका," यशश्री म्हणाली. "कोर्टात जाऊ."

"कोर्ट काय करणार? सहा महिने उलटून गेले म्हणून हाकलून देतील! आमच्यासारख्यांचं कोण ऐकतं?"

मामांना त्याचं पटलं. खरं सांगायचं तर त्यांनाही ती पहार एकदा हातात घेऊन बघावीशी वाटली. परतताना यशश्रीनं एवढंच विचारलं, "मामा, हा माणूस आपल्या बाजूचा आहे असं तुम्हाला वाटतं?"

"म्हणजे काय! बिचारा जीव तोडून सांगतोय."

मालक दिवाकर क्षेमकल्याणी गंगापूर रोडला राहत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांनी गल्लीत पाय ठेवला नव्हता. सगळं पुतण्याच्या हाती. माणूस सज्जन, पण ऐकीव गोष्टींवर जगणारा.

"अहो, ती स्वतःच गेली म्हणे शिमग्याआधी. विश्वेशनं गेल्याच आठवड्यात सांगितलं. मला वाईट वाटलं. खलील फार चांगला माणूस होता."

"खलीलभाई काही पाठवायचे का तुमच्याकडे?" यशश्रीनं चहाचा घोट घेत सहज विचारलं.

"दर गणपतीत नानकटाई! तो गेला तरी तिनं रीत मोडली नाही. यंदाही आली की. आणि दरवर्षीसारखा यंदाही एक राखेचा कण दाताखाली आला. आमच्याकडे त्यावरून हसतात सगळे, गणपतीच्या अंगाऱ्यासारखा तो मलाच मिळतो म्हणून."

यशश्रीनं कप खाली ठेवला. "काका, रिक्षा बोलावते. गुडघे दुखतील, पण तुम्हाला यावंच लागेल."

ऊन कलायच्या आत सगळे बेकरीत जमले. दिवाकरकाका गुळाच्या एका सुट्या ढेपेवर टेकले. हुस्नबानो उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. स्वतःच्या दुकानात परवानगीशिवाय शिरायला तिला भीती वाटत होती, आणि ते बघून मामांना भडभडून आलं. मुस्तकीम पहारीवर रेलून उभा होता.

"वेळ वाया घालवताय," विश्वेश म्हणाला. "जागा काकांची आहे."

"जागा काकांचीच आहे. त्याबद्दल वादच नाही," यशश्री म्हणाली. "पण मालक असला तरी कोर्टाच्या हुकुमाशिवाय भाडेकरूला कुलूप लावून बाहेर काढता येत नाही. काढलं, तर बाहेर काढलेल्या माणसाला ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात कोर्ट मालकी कोणाची हे विचारत नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कायद्यानं घेतला की दांडगाईनं, एवढंच विचारतं. अट एकच. सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा."

"आणि ही शिमग्याआधी गेली. सात महिने झाले," विश्वेश चटकन म्हणाला.

"तेच मला खटकलं. 'बऱ्याच दिवसांपूर्वी' असं म्हणून तुमचं भागलं असतं. नेमका शिमगाच का? कारण मुदत संपलेली दिसायला हवी होती." ती दिवाकरकाकांकडे वळली. "काका, विजेच्या ओव्हनमधल्या नानकटाईत राखेचा कण कुठून येईल?"

काकांचं तोंड उघडं राहिलं. "गणपतीत... म्हणजे तेव्हा ही भट्टी चालू होती?"

"चालू होती. आणि अगदी गेल्या शुक्रवारीही पेटली होती. मामांच्या पाठीला विचारा."

सगळ्यांनी मामांच्या पाठीकडे पाहिलं. मामांनी उगाचच शर्ट खाली ओढला.

"हा गूळ सगळा पावसाळा इथे पडून असता तर चारी बाजूंनी ओला झाला असता. हा फक्त भट्टीच्या बाजूनं वितळलाय, बाकी कडा लख्ख आहेत. म्हणजे माल नवा, आणि रचला तेव्हा भट्टी चांगली तापलेली होती. पावसाळा काढलेली राख थापून बसते, फुंकरीनं उडत नाही. ही मामांच्या नाकात गेली."

"मग हिनंच जाण्याआधी पेटवली असेल!" विश्वेशच्या तोंडून गेलं आणि त्यानं जीभ चावली.

"आभारी आहे. म्हणजे शिमगा गेला," यशश्री म्हणाली. "पण भाभींनी नाही पेटवली. त्या राख काढल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. त्या गेल्यानंतर कोणीतरी आत आलं. कुलूप न तोडता, म्हणजे किल्लीनं. तुम्ही स्वतःचा गूळ वितळवायला भट्टी पेटवणार नाही. आणि रिकाम्या भट्टीला नुसती ऊब द्यायची, हे सुचणारा माणूस एकच."

पहार मुस्तकीमच्या हातातून निसटली आणि फरशीवर खणकन आदळली.

"तुम्ही म्हणालात, आत पाऊल टाकलं नाही," यशश्री शांतपणे म्हणाली. "आणि सहा महिन्यांचं तुम्हाला कोणी सांगितलं? भाभींना मुदत माहीत नव्हती, मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते. ती तुम्हाला ज्यानं सांगितली, त्यानंच कुलूप तोडायलाही सांगितलं. भाभींच्या नावानं कुलूप तुटलं असतं तर उद्या घरफोडीची तक्रार झाली असती, आणि न्याय मागणारीच आरोपी ठरली असती."

मुस्तकीम पडलेल्या पहारीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इथे होणाऱ्या नव्या बिल्डिंगमध्ये कोपऱ्यावरचा गाळा देतो म्हणाला हा विश्वेश. माझ्या नावाची पाटी. भाईजानच्या पाटीखाली राबलो मी आयुष्यभर. शुक्रवारी सकाळी ह्याला कुलूप उघडून द्यायला आलो..."

"विश्वेश," दिवाकरकाका उठले. गुडघ्यांचं त्यांना भान नव्हतं. "नवी किल्ली हिच्या हातात दे."

"काका, अहो, बिल्डरला शब्द दिलाय..."

"नाहीतर उद्या कोर्टात हिच्या बाजूनं मी उभा राहीन आणि नानकटाईचं सांगेन. लाज वाटते मला तुझी."

किल्ली हुस्नबानोच्या हातात आली. यशश्री तिला म्हणाली, "तरी उद्या आपण जिल्हा न्यायालयात जाणार. मनाईहुकूम घेऊन ठेवू, म्हणजे हे पुन्हा होणार नाही. तिथे विधी सेवा केंद्रात बायकांना वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. आणि काका, यापुढे भाड्याची पावती. ती देणं मालकाचं काम आहे."

काकांनी मान खाली घालून होकार दिला.

हुस्नबानो उंबरा ओलांडून आत आली. तिनं भट्टीच्या तोंडातून हात खोलवर घातला. आतल्या विटा अजून कोमट होत्या.

"दुकान देऊन टाकायचं होतं, तर पेटवलीस कशाला?" तिनं मुस्तकीमला विचारलं.

"थंडी पडली असती, भाभी. विटा तडकल्या असत्या."

"परवा तोडणारच होते ना ते?"

भिंतीकडे तोंड करून मुस्तकीम लहान मुलासारखा रडायला लागला. मामांनी चष्मा पुसायला काढला, तर काचांना गूळ लागला.

हुस्नबानोनं तळहात पुढे केला. मुस्तकीमनं खिशातली किल्ली त्यावर ठेवली. तिनं ती कमरेच्या जुडग्यात ओवली, कोपऱ्यातलं लांब दांड्याचं फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"ही राख तुझी आहे. काढ आणि जा," ती म्हणाली.

तो वाकून राख ओढू लागला. शेवटचा कण निघेपर्यंत ती तिथेच उभी होती. तो गेल्यावर तिनं बाभळीची दोन लाकडं आत सरकवली आणि स्वतःच्या हातानं काडी ओढली.