शेफूचं अस्वल

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही.

जिच्या बाबतीत घडलं ती निकिता माझी सख्खी मावसबहीण. मी तिच्या तोंडून ऐकलं, तिच्या नवऱ्याकडून ऐकलं आणि तिच्या नणंदेकडूनही. तिघांचं सांगणं एका जागेपर्यंत तंतोतंत जुळतं.

त्या जागेपुढे कुणाचंच कुणाशी जुळत नाही.

आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. निकिताचे सासरे, तात्याराव, यांनी तर अंगात येणाऱ्यांना भर गावात प्रश्न विचारण्यात हयात घालवली. त्यामुळे जे झालं त्याला काय नाव द्यायचं, हेच आम्हाला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार. दुपारचे साडेतीन.

निकिता फिजिओथेरपिस्ट. येरवड्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. नवरा प्रज्ञेश पॉलिटेक्निकला शिकवतो. एकुलती एक लेक शेफाली, म्हणजे शेफू, सहा वर्षांची. त्या दिवशी कात्रजहून नणंदेची मुलगी उत्कर्षा राहायला आली होती. दोघी मुलींना घेऊन निकिता जवळच्या मॉलमध्ये गेली. तिथे एक दुकान आहे. मुलांनी स्वतःच्या हाताने खेळण्यातला प्राणी बनवायचा.

भिंतीवर प्राण्यांच्या रिकाम्या खोळी टांगलेल्या. आवडेल ती निवडायची. मग मशीनच्या नळीतून आत कापूस भरतात. मूल त्यात लहानसं कापडी हृदय ठेवतं. आवाजाची डबी हवी असेल तर तीही बसवतात. दहा सेकंद बोलायचं, की पंजा दाबल्यावर तेच ऐकू येतं.

उत्कर्षाने हत्ती घेतला. शेफूने तपकिरी अस्वल.

डबीत काय बोलायचं यावर तिने खूप विचार केला. मग तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाली, "आई, गुड नाईट."

दुकानातल्या मुलीने पाठ शिवली आणि दोघींचा फोटो काढला.

बस, एवढंच. दुकानात विचित्र असं काही घडलं नाही. निकिताने मला हे चारदा सांगितलं.

घरी आल्यावर शेफूने तो पंजा पन्नासेक वेळा दाबला असेल. आई, गुड नाईट. आई, गुड नाईट.

प्रज्ञेश पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "याला झोपवायची काही सोय आहे का?"

सगळे हसले.

सोमवारी संध्याकाळी उत्कर्षा घरी परत गेली होती. शेफू खाली खेळत होती. निकिता पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा कोपर अस्वलाच्या पंजावर पडला.

आणि...

कुत्री.

चार-पाच कुत्री एकमेकांवर गुरगुरतायत. कापड फाटल्याचा आवाज. मग एका पुरुषाची किंकाळी. "अरे सोडवा! माझा पाय! मॅडम, गेट उघडा! मॅडम!"

टक्. बंद.

निकिताचा हात तसाच राहिला. दुकानात कुणाचीतरी डबी बदलली असणार, असं तिला वाटलं. पण असलं काही कोण कशाला भरेल?

तिने पुन्हा पंजा दाबला.

"आई, गुड नाईट."

मंगळवारी सकाळी नऊ वाजता ती स्कूटर घेऊन क्लिनिकला निघाली. सोसायटीचं गेट बंद होतं. वॉचमन संतोष कचऱ्याच्या पिशव्या फाडणाऱ्या कुत्र्यांना हुसकायला काठी घेऊन बाहेर गेला होता. त्याच्यामागे छोट्या दाराची कडी आतून पडली होती.

निकिता स्कूटरवरून उतरली. तेवढ्यात कुत्र्यांनी त्याला धरलं.

गुरगुर. कापड फाटल्याचा आवाज.

"अरे सोडवा!"

तिला पुढचे शब्द माहीत होते.

"माझा पाय!"

ती मनात शब्दामागे शब्द म्हणत जागच्या जागी उभी राहिली. संतोष गजांतून तिच्याकडे बघत होता. एक कुत्रं त्याच्या पोटरीला लोंबकळत होतं.

"मॅडम, गेट उघडा! मॅडम!"

दुसरं "मॅडम" संपल्यावरच तिचा हात कडीकडे गेला.

पोटरीचा लचका निघाला होता. हाड दिसत होतं. त्याला रिक्षात घालून पाठवल्यावर ती जिन्यात बसून ओकली. रक्ताने नव्हे. आपण थांबलो, याने.

मग ती क्लिनिकला गेलीच नाही. सरळ वर आली आणि अस्वल हातात घेतलं. शेफू शाळेत होती.

"आई, गुड नाईट."

पुन्हा दाबलं.

"आई, गुड नाईट."

सातव्यांदा दाबलं...

खळ्ळकन काच फुटली.

मग धप. धप. धप. काहीतरी जड, ओल्या गोष्टीवर आपटत होतं. कुणीतरी धापा टाकत होतं. आणि त्या धापांवरून शेफूचा आवाज, फाटलेला.

"आई, बास! आई, मारू नकोस ना!"

टक्.

निकिता भिंतीला टेकून खाली बसली.

आवाज शेफूचा होता यात शंका नव्हती. पण ती घाबरली ती त्या धापांना. आपला श्वास माणसाला ओळखू येतो.

धापा तिच्या स्वतःच्या होत्या.

संध्याकाळी तिने प्रज्ञेशला सगळं सांगितलं. त्याने पंजा दाबला. "आई, गुड नाईट." दहा वेळा दाबला. दहाही वेळा तेच.

"तात्यांनी आयुष्यभर लोकांचे देव उतरवले," तो म्हणाला. "आणि त्यांच्या सुनेच्या घरात अस्वल भविष्य सांगतंय. छान."

"प्रज्ञेश, त्यात मी मारतेय."

"कुणाला?"

"शेफूच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही त्यात."

निकिताने मुलीवर कधी हात उगारला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

"दोन दिवस तिला ताईकडे पाठवू," शेवटी तो म्हणाला. "अस्वलासाठी नाही. तू झोप नीट म्हणून."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण श्यामला. त्याच संध्याकाळी तो शेफूला कात्रजला सोडून आला. अस्वल न्यायचं नाही म्हटल्यावर पोर रस्ताभर रडली. निकिताने अस्वल माळ्यावर टाकलं.

आता घरात मूल नाही. म्हणजे तो आवाज खरा व्हायला मूलच नाही. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

बुधवारी प्रज्ञेश कॉलेजला गेला. निकिताने रजा घेतली होती. दुपारी बाराच्या सुमारास तिने ठरवलं, ती डबीच काढून फोडायची.

स्टूल घेऊन तिने अस्वल खाली काढलं. हॉलमधल्या काचेच्या टीपॉयवर पालथं ठेवलं. कात्रीने पाठीची शिवण उसवली आणि हात आत घातला.

कापूस.

आणखी कापूस.

डबी लागेना.

तिने हात अजून आत सारला. मनगट गेलं. अस्वल जेमतेम वीतभर जाडीचं... तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

कापूस गरम होता.

आणि आत, अगदी खोल, कुणीतरी तिची बोटं धरली.

निकिताने जिवाच्या आकांताने हात हिसकला. स्वयंपाकघरात धावली. ओट्यावर लोखंडी खलबत्ता होता. त्यातला बत्ता उचलून ती परत आली आणि अस्वलावर घातला.

पहिल्याच घावात टीपॉयची काच खळ्ळकन फुटली.

ती थांबली नाही. अस्वल खाली पडलं, तीही गुडघ्यांवर खाली आली. धप. धप. धप. ते हलत होतं. पंजा वर करत होतं. ती त्या पंजावर मारत राहिली. मग तोंडावर. मग पुन्हा तोंडावर. ते हलायचं थांबलं, तरीही.

दार उघडल्याचं तिला कळलं नाही.

"आई, बास! आई, मारू नकोस ना!"

निकिताने मान वळवली. दारात शेफू उभी होती. मागे श्यामलाताई. पोर कालपासून जेवली नव्हती, अस्वल पाहिजे म्हणून हटून बसली होती. म्हणून ताई तिला घेऊन आली होती. तिच्याकडे घराची किल्ली असायचीच.

आणि निकिताला हसू आलं.

खरंच. ती मला म्हणाली, इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. म्हणजे हे होतं तर! पोर अस्वलासाठी ओरडणार होती. मी उगाच घाबरले. तिने बत्ता बाजूला ठेवला, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली,

"अगं वेडे, अस्वलच आहे ते. आपण नवीन आणू."

शेफू खाली बघत होती.

श्यामलाताईने दाराची चौकट धरली आणि हळूहळू तिथेच बसत गेली.

अस्वल सोफ्यावर होतं.

निकिताला ते स्पष्ट दिसत होतं. नीट बसवलेलं. पाठीची शिवण जशीच्या तशी.

मग तिने खाली पाहिलं.

काचांमध्ये प्रज्ञेश पडला होता. एक हात अजून तोंडापुढे धरलेला. त्या हाताला बोटांचा आकार राहिला नव्हता.

तो वाचला. कवटीला तडा, जबडा तीन ठिकाणी मोडलेला. उजवा डोळा गेला. बोलायला लागायला त्याला दोन महिने लागले. पोलिसांना त्याने लिहून दिलं की मी टीपॉयवर पडलो. जबाब घेणाऱ्याने कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वेळा?"

प्रज्ञेशने सही केली. तक्रार केली नाही.

मला मात्र त्याने सांगितलं. तेही थांबत थांबत.

"तिची काळजी वाटली म्हणून जेवायला घरी आलो. बेल वाजवली. दार तिनेच उघडलं. हसली. म्हणाली, बरं झालं आलास, इकडे ये, धर जरा."

"काय धर?"

"तेच विचारायला मी वाकलो."

निकिताला यातलं काहीच आठवत नाही. बेल नाही. दार नाही. नवऱ्याचा चेहरा नाही.

पंचनाम्यात खोलीतली प्रत्येक वस्तू आहे. काच, बत्ता, कात्री, स्टूल. अस्वल नाही. श्यामलाताई शपथेवर सांगते, सोफा रिकामा होता. शेफूला आम्ही विचारत नाही. घर दोनदा उलटंपालटं केलं, माळा रिकामा केला. मिळालं नाही.

दुकानातला फोटो आहे. त्यात उत्कर्षाकडे हत्ती आहे आणि शेफूच्या मिठीत अस्वल. म्हणजे ते होतं.

प्रज्ञेश आणि शेफू आता कात्रजलाच राहतात. निकिता एकटीच येरवड्याला. ती डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते. लेकीशी फोनवर बोलते. भेटायला मात्र जात नाही. तिला कुणी अडवलेलं नाही. तीच जात नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. भर दुपारी. खूप बोललो, अगदी पूर्वीसारखं. एकदोनदा हसलोही. मग ती चहा टाकायला उठली, तशी मीही तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती पाठमोरी होती, गवती चहा तोडत होती. ओट्यावर, तिच्या हाताशी, भाजी चिरायची सुरी पडली होती.

मी ती उचलली. आवाज होऊ दिला नाही. ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

का, ते सांगता येणार नाही. ती माझी बहीण आहे. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय.

निकिताने मागे वळून पाहिलं नाही. चहात साखर घालताना ती शांतपणे म्हणाली,

"अजून लांब ठेव."