उतरताना सांगितलं होतं

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. दोन हजार पाचचा जानेवारी. नाशिक रोडच्या एका कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर मंजुषा दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. रात्री थंडी अशी, की फरशीवर पाय ठरत नव्हता. म्हणून तिने सहा महिन्यांच्या तेजूची झोळी नवऱ्याच्या कॉम्प्युटरशेजारी बांधली होती. मशीनच्या पंख्यातून गरम वारा यायचा, लेकरू शांत निजायचं.

तिचा नवरा जीवन तिथेच कंपनीचं काम करायचा. मशीनच्या पार गाभ्यात, कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, तो लिहीत होता. मशीनला काम नसलं की हा प्रोग्रॅम प्रोसेसरचा वेग उतरवायचा, काम आलं की चढवायचा.

"पण बदलायच्या आधी आतल्या सगळ्यांना सांगावं लागतं," तो म्हणाला. "ज्याला सांगितलं नाही, त्याचा वेळेचा हिशेब चुकतो."

"बरंय बाई त्यांचं! आम्हाला तर पाहुणे दारात आल्यावर कळतं."

जीवन हसत हसत दूध आणायला खाली उतरला. मशीनला काम उरलं नाही.

तेवढ्यात तेजू जागी होऊन रडायला लागली. रडता रडता तिने मान मशीनच्या टेबलाकडे वळवली, कुणी हाक मारावी तशी. मग पंख्याची घरघर उतरत गेली... आणि तेजूचं रडणंही. बारीक आवाज जाड झाला, लांबला, विहिरीच्या तळातून यावा तसा. गालावरचं पाणी काकवीसारखं संथ उतरू लागलं. पापणी मिटायला लागली ती मिटतच राहिली. मंजुषाने तिच्या छातीला कान लावला. एक ठोका... पुढचा येईचना.

जीवनने आल्या आल्या कीबोर्डला हात लावला. तेजूचे डोळे टेबलाकडे सरकले, पंखा घरघरला आणि पोर टाहो फोडून रडली.

"अहो, तिला कुणीतरी सांगतंय... आधीच..."

"अगं, तुझी झोप होत नाहीये."

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे. मंजुषाने झोळी स्वयंपाकघरात हलवली, तरी तेच. भिंतीपलीकडे पंखा मंदावायचा आणि इकडे लेकरू थिजायचं.

एकदा जीवनच्या हातात हुंदका देता देताच तेजू अशी थिजली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काढूनच टाकतो ते," तो म्हणाला. मंजुषा "थांबा, आधी तिला जागी तर..." म्हणेपर्यंत त्याने ड्रायव्हर पुसून मशीन पुन्हा चालू केलं होतं.

पंखा पूर्ण जोरात फिरू लागला. तेजूने पाहिलं नाही.

त्याने तो ड्रायव्हर पुन्हा बसवला. कितीदा वेग उतरवला, चढवला. तिने पाहिलं नाही. उतरताना तिला निरोप मिळाला होता, चढतानाचा देणारा जुन्यासोबतच पुसला गेला; नव्याला तिची ओळखच नव्हती.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तेजू अजून तेवढीच आहे, झोळीत मावेल एवढी. त्या दिवशी फुटलेला हुंदका अजून संपलेला नाही. खोलीत शिरलं की कानाला नाही, छातीला जाणवतो. मंजुषा दर संध्याकाळी चमचाभर दूध तिच्या ओठाशी धरते, सकाळपर्यंत तेवढं आत गेलेलं असतं.

जीवनचं ते काम पुसण्याआधीच कंपनीत पोचलं होतं. तिथून ते किती घरांत गेलं, हे त्यालाही सांगता येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी मशीन आहे आणि तान्हं लेकरू आहे, त्यांना एवढं कळवा. पंखा मंदावायच्या आधी बाळाने मान वळवली, तर घाबरून काही पुसू नका, बंद करू नका. मशीनला काम देत राहा. आणि हे कुणाला सांगाल ते बाहेर नेऊन सांगा... लेकरासमोर नको. जीवनने सांगितलं, तेव्हा तेजू तिथेच झोळीत होती.