सतराव्या टेबलाचे सात गुण

"तीन? दहापैकी तीन?"

ठिणगी एवढ्या जोरात ओरडली की सभागृहाच्या दारात बसलेल्या पहारेकरीकाकांचा चहा बशीत सांडला. फलकावर नुकताच गुणांचा तक्ता लागला होता. वर ठळक अक्षरांत 'कला आणि हरित उद्योग स्पर्धा', खाली एक ते चोवीस टेबलांचे गुण आणि प्रत्येकापुढे परीक्षकांचा एका ओळीचा शेरा. नऊ नंबरचं टेबल ठिणगीच्या आईचं. त्याच्यापुढे लिहिलं होतं : 'वह्या सुबक, परंतु कागद नवा कोरा आहे. हरित उद्योग म्हणता येणार नाही. गुण तीन.'

"नवा कागद?" ठिणगीची कानशिलं तापली. "म्हणजे माझी आई खोटं बोलली, असंच म्हणायचंय ना यांना?"

ठिणगीची आई बाइंडर होती. कचेऱ्यांमधून रद्दीत निघालेले पाठकोरे कागद ती आणायची आणि त्यांच्या वह्या बांधायची. पाठकोऱ्या कागदाची वही म्हटलं की एका बाजूला कुणाचं तरी जुनं छापील काहीतरी दिसणारच. पण आईची रीत वेगळी होती. ती प्रत्येक कागद छापील बाजू आत ठेवून दुमडायची. घडी बाहेरच्या कडेला आणि सुटी टोकं शिवणीत. त्यामुळे वही उघडली की दोन्ही बाजू स्वच्छ कोऱ्या! छापील मजकूर घडीच्या पोटात गडप. तो बघायचा असेल तर पानाच्या आत एक बोट घालायचं, बस्स. एवढं एक बोटसुद्धा कुणी घातलं नव्हतं!

आणि आईला ही स्पर्धा काही हौस म्हणून जिंकायची नव्हती. इमारतीच्या जिन्याखाली तिचं काम चाले. आता तिथे लिफ्ट बसणार होती आणि महिनाअखेरीला जागा रिकामी करायची होती. घर दीड खोल्यांचं. वह्या दाबायचा लोखंडी शिकंजा इतका जड, की तो घरात आणला तर माणसं बाहेर काढावी लागतील. हरित उद्योगाच्या पहिल्या बक्षिसात वाचनालयाशेजारची एक खोली वर्षभर वापरायला मिळणार होती. ती मिळाली नाही, तर शिकंजा भंगारात जाणार हे आईने कालच सांगितलं होतं. सांगताना ती भांडी घासत होती आणि तिने मान वर केली नव्हती.

"चल, फाडून टाकू तो तक्ता!" ठिणगी म्हणाली.

"फाडलास तर आपल्याच गळ्याशी येईल," फूटपट्टी म्हणाला. तो उंच आणि इतका सडपातळ होता की दुसरं कोणतं नाव त्याला शोभलंच नसतं. "आधी डोकं थंड कर."

"तुझ्या आईला खोटारडी म्हटलं असतं म्हणजे कळलं असतं तुला!"

दोघांची जुंपली. त्यांच्या मैत्रिणीचं, गोगलगायीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. तिला सगळं सावकाश आणि शेवटपर्यंत वाचायची खोड होती. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ती सोडत नसे.

"अरे," ती म्हणाली, "सतरा नंबरला कोण बसलंय?"

"सतराला कुणी नाही," फूटपट्टी म्हणाला. "मीच तर सुतारकाकांबरोबर टेबलं मांडली. सतराव्या जागेवर नेमका खांब आला. काका म्हणाले, नंबर सोडून दे. म्हणून सोळाच्या पुढे एकदम अठराचं कार्ड लावलं."

"मग हे वाच."

तिघांनी माना पुढे काढल्या. 'टेबल सतरा : मांडणी आकर्षक, कल्पना अभिनव. गुण सात.'

ते धावतच सभागृहात गेले. सोळा नंबरच्या टोपल्या आणि अठरा नंबरची खेळणी यांच्यामध्ये तो खांब उभा होता. त्याला आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं आणि खाली कुणीतरी विसरलेला झाडू.

"मांडणी आकर्षक!" फूटपट्टी झाडूकडे बोट दाखवून म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसली. पण ठिणगीचं हसू मध्येच थांबलं. खांबाला सात आणि आईला तीन! आई पंधरा दिवस पहाटे उठून वह्या शिवत होती. मेणाचा दोरा ओढून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. आणि ही मोठी माणसं आत न येताच तिच्या कामावर रेघ ओढून मोकळी झाली!

ती तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. त्यांनी फायलीतून डोकं वर काढलं नाही.

"छापताना चुकलं असेल," ते म्हणाले. "परीक्षक म्हणजे गावातली मानाची माणसं आहेत. त्यांच्यावर संशय घ्यायला तुम्ही कोण? सुट्टी आहे ना? मग जा, खेळा!"

"पण काका, तिथे खांब..."

"खेळा म्हटलं ना!"

बाहेर आल्यावर ठिणगीने पायरीवर जोरात पाय आपटला. "बघितलंस? ऐकूनसुद्धा घेत नाहीत! आपण सांगितलं की तो उद्धटपणा, आणि त्यांनी केलं की ती छपाईची चूक!"

"मग आपण सांगायचंच नाही," गोगलगाय शांतपणे म्हणाली. "त्यांनाच सांगू द्यायचं."

"म्हणजे?"

"शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलाखत घ्यायची. विचारायचं, सतरा नंबर कसा वाटला? मोठ्या माणसांना मुलाखत फार आवडते."

ठिणगी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने आईच्या टेबलावरची एक वही उचलली आणि तिघं निघाली. बक्षीस समारंभ चार वाजता होता, आणि आता साडेअकरा वाजले होते.

पहिले परीक्षक बँकेचे साहेब. काचेच्या खोलीत बसून ते टेबलावरचा पंखा आपल्याकडे वळवत होते. भित्तिपत्रकाचं नाव काढताच त्यांनी टाय सरळ केला.

"विचारा, विचारा! संकोच करू नका."

"साहेब, सतरा नंबरच्या टेबलाला तुम्ही सात गुण दिलेत," ठिणगी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. असा आवाज काढताना तिचा घसा दुखला. "त्यात विशेष काय आवडलं?"

साहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "सतरा... हां! विणकाम! काय ती सफाई! मी अर्धा तास तिथून हललो नाही, बाळा."

गोगलगायीने उत्तर वहीत उतरवलं आणि ठिणगीने वही पुढे केली. "इथे सही कराल?"

त्यांनी झोकात सही केली. फूटपट्टीने खोकल्याचं सोंग करून तोंड फिरवलं.

दुसऱ्या परीक्षक रहिवासी मंडळाच्या अध्यक्षबाई. त्या आपल्या कार्यालयात दोन फोन आणि एक ढीगभर पत्रिका घेऊन बसल्या होत्या.

"सतरा नंबर? अगं, मातीची भांडी ना ती? सुरेख! मी तर त्या बाईंना म्हटलं, तुमच्या हातात जादू आहे."

"त्या बाई काय म्हणाल्या?" गोगलगायीने भोळा चेहरा करून विचारलं.

"लाजल्या बिचाऱ्या!"

बाईंनीही सही केली, वर तारीख घातली आणि खाली 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं.

तिसरे निवृत्त मुख्याध्यापक. ते वाचनालयात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ठिणगीच्या मामालाही शिकवलं होतं आणि मामा अजून त्यांचं नाव निघालं की ताठ बसायचा.

"सतरा?" सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "साबण असावेत. हो, साबणच. बरे होते." सही करताना त्यांनी ठिणगीकडे पाहिलं नाही.

"खांब विणलेला आहे, मातीचा आहे आणि फेसही काढतो!" बाहेर पडल्यावर फूटपट्टी म्हणाला. पण ठिणगीला आता हसू येत नव्हतं. सरांनीसुद्धा? बाकीच्यांचं जाऊ दे, पण सरांनीसुद्धा?

चार वाजता सभागृह गच्च भरलं. व्यासपीठावर तिन्ही परीक्षक, त्यांच्यासमोर फुलदाण्या आणि पाण्याचे पेले. आई मागच्या रांगेत बसली होती. तिने वह्या आधीच पिशवीत भरून ठेवल्या होत्या.

"पहिलं बक्षीस जाहीर करण्याआधी कुणाला काही बोलायचं आहे का?" व्यवस्थापकांनी ध्वनिक्षेपकावर विचारलं. कुणी बोलणार नाही अशा खात्रीने त्यांनी कागद उलगडायलाही घेतला.

ठिणगी उठली. आईने तिचा हात पकडला.

"बस खाली! चारचौघांत तमाशा नको. मिळालं नाही तर नाही."

"नाही मिळालं, ते ठीक आहे गं. पण बघितलंच नाही त्यांनी!" ठिणगीने हात सोडवून घेतला आणि ती थेट पुढे गेली. तिचा आवाज खणखणीत होता.

"सतरा नंबरच्या टेबलाचा सत्कार करायचा आहे. परीक्षकांना ते फार आवडलं. बँकेचे साहेब म्हणाले, विणकाम सुंदर, अर्धा तास हललो नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, मातीची भांडी सुरेख. सर म्हणाले, साबण बरे होते. या वहीत खाली तिघांच्या सह्या आहेत. आता सतरा नंबर कुठे आहे, ते सगळ्यांनी मागे वळून बघा!"

सगळ्या माना वळल्या. फूटपट्टी खांबाजवळ उभा होता. त्याने झाडू उचलून हार वाहावा तसा खांबाला टेकवला.

आधी कुणाला कळेना. मग टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, खांबाला सात गुण! आणि मला चार?" मग जो गलका उडाला तो आवरेना. खेळणीवाला उठला, साबणवाल्या ताई उठल्या. प्रत्येकाला आपला शेरा आठवला. हिरव्या रंगाच्या खेळण्यांना 'निळा रंग छान' असा शेरा मिळाला होता!

"ही फसवणूक आहे!" बँकेचे साहेब लाल झाले. "मुलांनी आम्हाला बनवलं! हेच संस्कार का?"

"आम्ही फक्त प्रश्न विचारला, साहेब," ठिणगी म्हणाली. "उत्तरं तुमची आहेत."

अध्यक्षबाई पत्रिकेने वारा घेऊ लागल्या. "तक्त्यात जागा रिकामी दिसली म्हणून... म्हणजे रिकामी बरी दिसत नाही..."

तेव्हा मुख्याध्यापकांनी बसल्या जागीच ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"साहेब आणि मी आत आलोच नाही," ते म्हणाले. "शेजारच्या खोलीत चहा घेतला. बाई तेवढ्या दाराजवळच्या टेबलांवरून एक चक्कर मारून आल्या, साहेबांनी तक्ता भरला आणि मी त्यावरून माझा उतरवला. चाळीस वर्षं मी कॉपी करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. आज मलाच उभं राहायला हवं." आणि ते खरोखरच खुर्ची मागे सारून उभे राहिले.

"तरी एक सांगते," अध्यक्षबाई घाईने म्हणाल्या, "नऊ नंबरची वही मी स्वतः उघडून पाहिली होती. कागद कोराच होता!"

आता मागून आई आली. ठिणगीने तिला एवढ्या माणसांपुढे चालताना कधी पाहिलं नव्हतं. तिने पिशवीतून सगळ्यात सुंदर, निळ्या पाठीची वही काढली आणि कागद कापायच्या सुरीने एका पानाची घडी सरळ वरून खालपर्यंत चिरली. आपल्याच हातांनी बांधलेली वही! ठिणगीला वाटलं, सुरी आपल्यावरूनच फिरतेय. पान उघडलं. आत छापील अक्षरं होती.

"वाचा, साहेब," आई म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

साहेबांनी वाचलं आणि ते घाम पुसू लागले. बँकेने पत्ता बदलला तेव्हा रद्दीत काढलेले त्यांच्याच बँकेचे अर्ज होते ते!

"पानात एक बोट घालायचं होतं," आई म्हणाली. "मला कमी गुण द्या. पण मी फसवते असं लिहू नका. ते आधी खोडा."

अध्यक्षबाई स्वतः फलकापाशी गेल्या. सगळ्यांदेखत त्यांनी नऊ नंबरचा शेरा खोडला. शेजारी सहीही केली.

मग परीक्षण नव्याने झालं. तेही तिथेच, सगळ्यांसमोर, आणि टेबलामागच्या माणसाशी बोलल्याशिवाय एकही गुण लिहायचा नाही या अटीवर. ती अट टोपलीवाल्या आजींनी घातली होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. अडीच तास लागले. साहेबांनी टोपलीचा तळ पाहिला, बाईंनी साबणाने हात धुतले, सरांनी आईकडून दाभण मागून घेतलं आणि एक टाका घालून पाहिला. तो वाकडा आला. घरी कुणीही गेलं नाही.

कलेचं पहिलं बक्षीस आजींच्या टोपल्यांना मिळालं. हरित उद्योगात साबणवाल्या ताई आणि आई यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक पडला. तो अर्धा गुण आईच्या बाजूने होता.

टाळ्या थांबल्यावर सरांनी तिन्ही मुलांना वर बोलावलं. "शाबास!" ते म्हणाले. "तुमच्यामुळे आज आम्ही आमचं काम केलं."

पहारेकरीकाकांनी तर तिघांना चहाच पाजला. व्यवस्थापक मात्र बराच वेळ फायली शोधत होते.

ठिणगीचा राग काही लगेच उतरला नाही. "खांब उभा होता म्हणून कळलं," ती वाटेत म्हणत राहिली. "तो नसता, तर?"

दुसऱ्या दिवशी सहा जणांनी मिळून शिकंजा वाचनालयाशेजारच्या खोलीत आणला. त्यांत मुख्याध्यापकही होते. त्यांना कितीदा नको म्हटलं, तरी ते ऐकेनात. सगळे गेल्यावर ठिणगी केरसुणी घेऊन आली, तर आई खोलीचं दार लावत होती. तिने ते लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"काय करतेस गं? बिघडलंय का?"

"नाही." आईने कडी घातली आणि काढली. "बारा वर्षं जिन्याखाली बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला डोक्यावरून जायच्या. दार कसं ते तिथे कधी नव्हतंच." तिने पुन्हा एकदा कडी घातली आणि हसली. "हे बघ, आता कुणाला आत यायचं तर वाजवून यावं लागेल!"

ठिणगी केरसुणी हातात घेऊन बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि दोनदा वाजवलं.

"कोण आहे?" आतून आईने विचारलं.