गार राहणारं इंजिन

दातांच्या डॉक्टरांना गाड्यांतलं फारसं कळत नव्हतं. पण माप घेतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा पिंड. म्हणून रेडिएटर शोधायला निघताना त्यांनी पुठ्ठ्याचा साचा कापून बरोबर घेतला. बोल्ट जिथे यायचे तिथे भोकंसुद्धा पाडली.

"कवळी बसवायला निघाल्यासारखे निघालात," बायको म्हणाली.

"कवळी काय नि रेडिएटर काय, माप चुकलं की टोचणारच."

ती हसली. खूप दिवसांनी हसली.

गाडी तिच्या धाकट्या भावाची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, लग्नानंतर आपल्याकडे आणलं, मागची खोली दिली. त्याने एक जुनीपुराणी गाडी पैदा केली, तिचं टप कापून बुटकं केलं, बॉनेट फेकून दिलं आणि तिला झेपणार नाही असलं दांडगं इंजिन पुढे उघडंवाघडं बसवलं. शौकीन लोक याला हॉट रॉड म्हणतात. डॉक्टर याला 'बिनकामाचा कामधंदा' म्हणत, पण संध्याकाळी दवाखाना बंद करून टॉर्च धरायला तेच गॅरेजमध्ये जात. सगळी गाडी झाली आणि फुटका रेडिएटर तेवढा बदलायचा राहिला. तेवढ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि धाकटा गेला.

त्यानंतर बहिणीने एकच मागणं मागितलं. "एकदा ही रस्त्यावर धावू दे. मग विका, मोडा, काय वाटेल ते करा."

दुकानात नवा अॅल्युमिनियमचा होता. हलका, चकचकीत. पट्ट्या थोड्या कापल्या की बसला असता. दुसरा ट्रकचा होता, तो गाडीच्या अरुंद नाकात शिरणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी अॅल्युमिनियमवर बोट ठेवलं. बायकोने नाक मुरडलं. "स्टीलच्या डब्यासारखा दिसतो. त्याला नसता आवडला."

म्हणून भर दुपारी दोघं जुन्या सामानाच्या वखारीत गेली. रेडिएटरांची रांग भिंतीला टेकून उभी होती. उन्हाने सगळं लोखंड असं तापलेलं की हात लावायची सोय नव्हती. बायकोने मात्र एकावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"अहो, हा बघा."

पितळी टाकी, तांब्याची जाळी. डॉक्टरांनी हात लावला. विहिरीतून आत्ता वर काढावा तसा गार. त्यांनी साचा टेकवला. कडेला कड मिळाली. मग त्यांचं लक्ष भोकांकडे गेलं. धाकट्याने गाडीच्या सांगाड्यातली भोकं नजरेच्या अंदाजाने पाडली होती, त्यातलं खालचं एक तिरकं गेलं होतं. या रेडिएटरचंही खालचं भोक तिरकं होतं. तेवढंच तिरकं.

"कुठल्या गाडीचा हा?" त्यांनी विचारलं.

"सुटाच आला," वखारवाला म्हणाला. "गळत नाही, एवढं मी सांगतो. बाकीचं मला विचारू नका."

बायकोने तो पोटाशी धरला होता. दुसरा बघायचा प्रश्नच उरला नाही.

पहिल्याच किल्लीला इंजिन गरजलं. गल्लीतली पोरंबाळं जमली. बायकोने गाडी चालवली, डॉक्टर जीव मुठीत धरून शेजारी बसले. गावाबाहेर जाऊन परत आली तरी तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता.

काटा बिघडला असेल म्हणून डॉक्टरांनी त्याचं इंजिनातलं टोक काढून उकळत्या पाण्यात बुडवलं. काटा टुणकन वर गेला. थर्मोस्टॅट बदलला. फरक नाही. शेवटी इंजिन चालू ठेवून त्यांनी पंख्यामागे हात धरला. तिथे कढत झोत यायला हवा होता. येत होती ती गार हवा, बंद घर उघडल्यावर येते तसल्या वासाची.

"बरंच आहे की," बायको म्हणाली. "तापत नाही म्हणून कुणी रडतं का?"

"अगं, एवढं पेट्रोल जळतंय. उष्णता कुठेतरी जायलाच हवी."

"जाईल कुठेतरी."

कुठे, ते तिलाच आधी कळलं. एका संध्याकाळी फेरफटका मारून आल्यावर ती मागच्या खोलीत झाडलोट करायला गेली. थोड्या वेळाने हाक आली. हाक हळू होती.

"अहो. जरा इकडे या."

धाकट्याची खाट होती तशीच होती. चादर ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. बायकोने डॉक्टरांचा हात धरून गादीवर ठेवला.

गादी गरम होती. सगळी नाही. उशीवर, आणि उशीपासून खाली माणसाच्या लांबीएवढी. कडा गार.

डॉक्टरांनी खिडकी पाहिली. ऊन त्या बाजूला येतच नव्हतं. गादी उचलली, खाटेखाली वाकून पाहिलं. वायर नाही, पाईप नाही. मग त्यांनी तिला तिथेच बसवलं, गॅरेजमध्ये जाऊन इंजिन चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. परत आले तेव्हा तिचा गाल उशीला लागलेला होता.

"बंद केलंत तसं निवायला लागलं," ती म्हणाली. "आता परत आलंय."

त्यांनी दवाखान्यातलं थर्मामीटर आणून चादरीखाली सारलं. पारा जिथे थांबला तो आकडा त्यांना चांगला ओळखीचा होता. तो निरोगी माणसाच्या अंगाचा होता.

गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. शाळा सुटली की थेट गाडी काढायची, रस्त्यांवर चकरा मारायची, आणि आली की मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. आतून बोलल्याचा आवाज येई.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही. आज वर्गात काय झालं ते सांगत होते."

डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. खोटं कशाला बोला, सुरुवातीला त्यांनाही ते बरं वाटत होतं. ती जेवत होती, बोलत होती. पण मग तिचे हात गार पडायला लागले. उन्हात उभी राहिली तरी गार. अंगावर शाल आली ती उतरेना. नखं निळसर दिसू लागली. तिने ओंजळीत धरलेला चहाचा कप बघता बघता निवायचा. डॉक्टरमित्राने रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

"ती गाडी थोडे दिवस बंद ठेव," डॉक्टर म्हणाले.

"मग त्याचं काय?"

 तिने शाल घट्ट लपेटली आणि किल्ली उचलली.

त्याच आठवड्यात तिची बोटं स्टिअरिंगवर आखडली आणि गाडी शाळेच्या फाटकाला जाऊन घासली. मुलं केव्हाच घरी गेली होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ती वर्गावर असताना डॉक्टरांनी मेकॅनिकला बोलावलं, पितळी रेडिएटर उतरवला, अॅल्युमिनियमचा चढवला आणि जुना स्वतः वखारीत पोचवून आले. गाडी चालू केली. काटा हळूहळू वर चढला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. पंख्यामागे कढत वारा आला. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

बायको आली. गाडीच्या नाकातली नवी चकाकी तिने पाहिली. ओरडली नाही.

"कुठे आहे तो?"

"वखारीत."

ती आल्या पावली निघाली. डॉक्टर मागोमाग गेले. वखारवाला हात पुसत बाहेर आला. तांब्याच्या भंगाराची गाडी आजच भरायची होती म्हणाला. जाळी कापून केव्हाच भट्टीकडे गेली होती.

 परतताना घराशी येता येता डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, आणि तो उबदार होता. त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं.

ती मागच्या खोलीकडे गेली. ते दारात थांबले.

खोलीत अजून उजेड होता. चादर ताणलेली नव्हती. ती एका बाजूला ओढली गेली होती, आणि गादीत खळगा पडला होता. लांब, सरळ नव्हे. गुडघे पोटाशी घेऊन, अंग चोरून कुणी पडावं तसा.

डॉक्टरांनी हात लावला. गादी बर्फासारखी होती.

"काही नाही गं," ते म्हणाले. "मांजर बिंजर शिरलं असेल."

 तिने खांद्यावरची शाल काढली, झटकली, आणि त्या खळग्यावर अलगद पसरली.

शाल खाली बसली नाही. खळग्याच्या वर, कुशीवर निजलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, तशीच राहिली.