रात्र मोजणारी शेवंती

“शेवंतीची काडी लावताना मनात कुणाचं वाईट आणायचं नाही. मन निवळलं नसेल तर आधी देवापुढे बस, मग मातीत हात घाल.”

आईचा हा आवाज डॉ. मृणाल पाटणकरला चांद्रवस्तीतही ऐकू यायचा. काड्या लावल्या त्या दिवशीही आला. तिने तो ऐकला आणि नजर शाल्मली तांडेलच्या वाफ्यावर ठेवूनच काडी मातीत खोचली.

वस्तीच्या घुमटबागेत शरद ऋतू आपोआप येत नसे, आणावा लागे. ऋतुनियंत्रक रोज थोडीथोडी रात्र वाढवायचा, हवा गार करायचा, आणि माणसं एकमेकांना सांगायची, “शरद लागला बरं का!” कोजागिरीला दूध आटवलं जायचं, चंद्र पायाखालीच, त्यामुळे नैवेद्य पृथ्वीला दाखवायचा. यंदाच्या शरदात बागेत काय लावायचं, यावर बराच खल झाला. मेथी, मटार, मुळा यांच्या जागा ठरल्या. देवाला फुलं हवीत, यावर तर कुणाचंच दुमत नव्हतं. पण पाणी मोजकं. शेवंतीची एकच जात ठेवता येणार होती.

एक होती मृणालची, तिने प्रयोगशाळेत घडवलेली, पिवळीधमक. दुसरी शाल्मलीची, पांढरी. शाल्मलीचं किनाऱ्यावरचं गाव समुद्रात गेलं तेव्हा घराच्या पायरीजवळून तिने ती उचलून आणली होती. आता पृथ्वीवरही ती जात कुठे उरली नव्हती. बागेच्या दोन टोकांना दोघींना एकेक वाफा मिळाला. जिची आधी फुलेल ती राहणार, दुसरी खतकुंडात जाणार, असं ठरलं.

मृणाल द्रावणतज्ज्ञ. बागेतल्या प्रत्येक मुळाशी पोचणारं पाणी तिच्या हाताखालून जाई. पण लोक बागेत येत ते शाल्मलीशी गप्पा मारायला.

“मृणालताई, तुमची रोपं बघा कशी कवायतीला उभी आहेत!” शाल्मली एकदा सगळ्यांदेखत म्हणाली. “आणि माझी? जेवण आटोपलेलं वऱ्हाड नुसतं!”

सगळे हसले. बागेचे प्रमुख घुगरे सरसुद्धा हसले. एवढ्या वर्षांत मृणालच्या कुठल्या बोलण्यावर ते हसल्याचं तिला आठवेना. ती नळीचा वेढा सोडवत राहिली.

दिवसा ती त्या वाफ्याकडे फिरकत नसे. आपल्याला तिथे डोकावताना कुणी पाहावं, ही कल्पनाही तिला सोसवत नव्हती. पण टाक्यांची रात्रपाळी तिच्याकडे होती. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून वस्तीतले सगळे हातदिवे तांबड्या काचेचे असत. तसला दिवा घेऊन ती रोज शाल्मलीच्या वाफ्याशी थांबे, एकेका रोपाचा शेंडा उजेडात धरून बघे. कळी नाही. नुसती पानं. मग उरलेली रात्र तिला हलकी जाई.

मृणालची शेवंती ठरल्या वेळी फुलली. शाल्मलीच्या रोपांना पानांवर पानं आली, कळी एकही नाही.

“ताई, तुमचं पाणी मला आणि तुम्हाला सारखंच ना?” शाल्मलीने विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते.

“थेंबाचाही फरक नाही. हवं तर तपासून घे.”

“तसं नाही हो म्हणत मी. माझंच काहीतरी चुकलंय. रोपं गेली तर गेली, पण काय चुकलं ते तरी कळू दे. कारण सापडलं तर पहिलं मला सांगाल?”

“सांगेन. शब्द देते,” मृणाल म्हणाली. जिंकलेल्या माणसाला शब्द द्यायला काय लागतं!

निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी ती प्रयोगशाळेत गेली, तेव्हा घुगरे सर शाल्मलीच्या रोपाचं पान भिंगाखाली धरून बसले होते.

“रोग नाही, कीड नाही,” ते म्हणाले. “रोप ठणठणीत आहे. त्याला शरद आलाय हेच कळलेलं नाही.”

“असं कसं? उजेडाचं शास्त्र माझं नाही, पण दिवस तर दोन्हीकडे सारखेच लहान झाले.”

“शेवंती दिवस मोजत नाही गं, रात्र मोजते. पानात एक रंगद्रव्य असतं. दिवसा त्याचं एक रूप, अंधारात ते सावकाश पालटत जातं. पालट पुरा झाला की पान शेंड्याला निरोप धाडतं, कळी धर. पण मध्ये उजेड पडला की द्रव्य पुन्हा मूळ रूपावर येतं. लांब रात्रीचे दोन तुकडे होतात, आणि तुकडे तिला चालत नाहीत. तिला रात्र सलग लागते.”

“उजेड म्हणजे... किती?”

“रोज पाच-सात मिनिटं पुरे. त्यातून तांबडा असला तर विचारूच नकोस, त्या द्रव्याला तोच सगळ्यात लवकर भिडतो.” त्यांनी भिंग बाजूला सारलं. “म्हणून नियंत्रकाचा दिवा अन् दिवा तपासला. कुठे गळती नाही. आणि रात्री तिथे जाणार कोण?”

कळ्या आल्या का, हे बघायला मृणाल जात होती. ती बघायला जात होती, म्हणूनच कळ्या येत नव्हत्या.

गप्प राहिलं तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर शाल्मली काय करील, हेही तिला दिसत होतं. ओरडणार नाही. डोळे पुसून हसेल, आणि म्हणेल, जाऊ द्या ताई. ते हसूच मृणालला सगळ्यांत जड जाणार होतं.

“सर, त्या वाफ्याला आता नुसता अंधार मिळाला, तर?”

“तीनेक आठवड्यांत कळ्या दिसतील. पण तिने आशा सोडलीय. उद्या परक्या हाताने उपटण्यापेक्षा मीच काढते म्हणाली. खुरपं घेऊन आत्ताच गेली. का गं?”

“तुम्हालाही सांगते, सर. पण पहिलं तिला सांगायचं कबूल केलंय.”

बागेकडचा बोगदा लांब होता. चंद्रावर धावायला गेलं की माणूस अधांतरी उडतं आणि उशीरच होतो. म्हणून मृणाल भिंतीला हात धरून, एकेक पाऊल जमिनीला टेकवत, न थांबता चालू लागली.