नाळेतली बटाट्याची पोती

तोरुनच्या गस्ती बोटीला स्टाटच्या भूशिराला वळसा घालायचा होता, आणि तोही अडतीस नॉटच्या वेगानं! क्रोकेनेसच्या दीपगृहापासून स्विनोयच्या दीपगृहापर्यंत सरासरी अडतीस, ही गस्ती दलाची अट होती. ती पुरी झाली, तर दलाच्या सगळ्या नव्या बोटी तोरुननं आखलेल्या धारदार तळाच्या नमुन्यावर बांधल्या जाणार होत्या. नाही झाली, तर सपाट तळाची एक स्वस्त बोट नंबर लावून उभीच होती. तोरुननं कित्येक हिवाळे या एका तळावर घालवले होते. त्याचा आराखडा दुसऱ्या कुणाच्या कपाटात धूळ खात पडावा, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

मॉलोयच्या धक्क्यावरून गुरुवारी सकाळी तिघं निघाली. सुकाणूवर एईलिफ होता, बोट बांधणाऱ्या कारखान्याचा तांडेल. त्याचे हात बोट सांभाळत आणि तोंड जगाची टर उडवी. तिसरा ओड्वार, गस्ती दलाचा अधिकारी. माणूस सरळ, पण बोट लागणारा; स्टाटच्या खवळलेल्या पाण्याचं नाव काढलं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा.

"परतीचं बसचं तिकीट काढून ठेवलंय," त्यानं खिसा थोपटत सांगितलं. "एका आठवड्यात दोनदा स्टाट? आपल्याला नाही जमायचं, बाबा."

"बसमध्येसुद्धा उलट्या होतात म्हणे," एईलिफ म्हणाला. "ड्रायव्हरशेजारी बस."

बोटीच्या नाळेत, अगदी पुढच्या टोकाच्या कोठीत, बटाट्याची पोती रचली होती. चाचणीला शिपायांच्या वजनाइतका भार लागतोच. इतर लोक वाळू भरत, यांच्या कारखान्यात बटाटे भरत. चाचणी संपली की तेच किसून, गोळे वळून, खारवलेल्या मटणाबरोबर खायचे. वाळू का कुणी खातं? आजही स्टाटपलीकडे, फोस्नावोगच्या बंदरात एईलिफची बहीण बोर्गहिल्ड पातेलं चढवून वाट बघत होती.

ती पोती खरं तर पिछाडीला असायची. पण फ्योर्डमधल्या, डोंगरांआडच्या शांत खाडीतल्या, सरावात नाक वर करून पळणारी बोट अडतीसला थोडक्यात कमी पडली. तोरुननं पोती पुढं हलवली, नाक खाली आलं, तळ लांबवर पाण्याला टेकला आणि वेगाचा काटा चाळीस ओलांडून गेला! "वजन कुठं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा," ओड्वार म्हणाला होता. तोरुन त्या रात्री खुशीत झोपली.

क्रोकेनेस मागं पडलं. वारा नैऋत्येचा, म्हणजे पाठीवर. धारदार तळ पाणी दुभंगत चालला होता, दोन्ही बाजूंना पांढरे पडदे उडत होते, आणि ओड्वारला चक्क ब्राऊन चीजचा पाव खाण्याइतकी तरतरी आली होती. काटा एकोणचाळीसवर होता. तोरुनला वाटलं, झालंच आपलं काम!

मग स्टाटचा काळा कडा उजवीकडे उभा राहिला आणि समुद्र बदलला. मागून येणाऱ्या लाटा उंच झाल्या, त्यांच्यात कड्यावरून परतणाऱ्या लाटा मिसळल्या. एका लाटेनं बोटीची पिछाडी उचलली. बोट उतारावरून सुटली. नाळ खाली गेली... आणि पुढच्या लाटेच्या पाठीत घुसली! काचेबाहेर नुसतं हिरवं पाणी.

"धरा!" एईलिफ ओरडला.

बोट थरथरली, पाणी झाडून वर आली. पाव ओड्वारच्या मांडीवर उपडा पडला होता.

"अगं बाई, तुझी ही पोरगी खाली मान घालून काय शोधतेय?" एईलिफनं विचारलं, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुसरी लाट आली. नाळ पुन्हा घुसली, पाण्यात रुतली, आणि तिच्याभोवती अख्खी बोट आडवी फिरू लागली! एईलिफनं चाक पूर्ण उलटं मारलं. बोट कलंडली, थांबली, सावकाश सरळ झाली. तोरुनला खरीखुरी भीती वाटली.

काय चाललंय ते तिला कळलं होतं. धारदार नाळ समोरची लाट छान कापते, पण पाठीमागून ढकललं आणि वर पुढंच ओझं असलं, की ती खोल जाते आणि तिथूनच बोट वळवू पाहते. फ्योर्डच्या सपाट पाण्यात वेग देणारी पोती इथं बोट बुडवायला निघाली होती.

"मागं फिरायचं?" ओड्वारनं विचारलं.

"आत्ता वळलो तर लाटेला आडवे होऊ," एईलिफ म्हणाला. "तोरुन, तू बोल."

स्विनोय अजून दूर होतं. पोती हलवायची तर वेग कमी करावा लागणार, आणि मग अडतीस विसरायचं. तोरुननं एकदा काट्याकडे पाहिलं.

"वेग उतरव," ती म्हणाली. "पोती मागं न्यायची. सगळी!"

एईलिफनं एकदम नाही, जरा जरा करून वेग उतरवला. तोरुन कोठीत शिरली. ती पोतं ओढी, ओड्वार ते घेऊन पिछाडीला पळे. बोट डोलली की दोघं भिंतीवर आपटत. एक पोतं फाटलं! बटाटे सैरावैरा धावले, ओड्वार त्यांवरून घसरला आणि सपशेल आडवा झाला.

"बटाटे आधी किसून घे रे, मग खा!" एईलिफ पुढून ओरडला.

ओड्वार उठला, बादलीत तोंड घालून ओकला, आणि पुढचं पोतं घ्यायला परत आला.

शेवटचं पोतं मागं बसलं. एईलिफनं वेग वाढवला. मागची लाट आली. पिछाडी उचलली गेली. नाळ झुकली... आणि झुकली तेवढीच! पाण्यावर टेकून ती अलगद वर आली. पुढच्या लाटेच्या पाठीवर बसून बोट तिच्याच चालीनं निघाली, रविवारी गाडीतून फिरायला निघावं तशी.

"हं," एईलिफ म्हणाला. त्यापेक्षा मोठी स्तुती तोरुननं त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

स्विनोयला हिशेब केला, तर सरासरी तेहतीस. एईलिफनं बोट फोस्नावोगकडे वळवली.

बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघरात मात्र सगळं वाफाळत होतं. गोळे, मटण, सलगमचा लगदा. तोरुनला वाटलं होतं घास उतरणार नाही. ती तीन गोळे जेवली. जीव वाचल्याची भूक होती ती, आणि तिला आतून बरं वाटत होतं.

"अडतीस काही भरले नाहीत," ओड्वार ताट पुसत म्हणाला. "मी तसंच सांगणार."

"सांग," तोरुन म्हणाली. "खरं तेच आहे."

बाहेर बस येऊन उभी राहिली. बोर्गहिल्डनं त्याचा डगला आणून दिला. ओड्वार खिडकीतून बसकडे बघत राहिला.

"तुम्ही परत कधी निघताय?"

"तासाभरात," एईलिफ म्हणाला. "वारा तोंडावर असेल हां. मघाचं पोटातलं काही उरलं असेल तर इथंच ठेवून जा."

"धारदार नाळ समोरच्या लाटेसाठीच केलीय ना? मग ते बघितल्याशिवाय दलाला काय सांगू?" त्यानं डगला चढवला. "त्यांना म्हणणार, अडतीसचा आकडा तुमच्याजवळच ठेवा, बोट हीच घ्या. सपाट तळाच्या बोटीतून आलो असतो, तर मी त्या बसमध्ये कधीच जाऊन बसलो असतो."

बस निघून गेली. दाराशी बोर्गहिल्डनं गोळ्यांपुरते बटाटे काढून परत दिलेलं, निम्मं उरलेलं पोतं होतं. ओड्वारनं ते खांद्यावर घेतलं आणि धक्क्याकडे चालू लागला. चार पावलांवर थांबून त्यानं मागं वळून विचारलं,

"तोरुन, हे पिछाडीलाच ठेवायचं ना?"